खुर्शिदभाभी आणि हावड्याची गाडी

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत खुर्शिदभाभीच्या खानावळीत आधी बोलणी खावी लागतात, मग भाकरी मिळते. ताटात उष्टं टाकलं की बोलणी, मोबाइल बघत जेवलं की बोलणी, आणि कंपनीतला वास अंगावर घेऊन कुणी थेट शिफ्टवरून आला, तर हातपाय धुतल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. तरी माणसं येतात. महामार्गाच्या कडेला तिच्याइतकी पातळ, पदर सुटलेली भाकरी दुसऱ्या कुणाच्या तव्यावर होत नाही, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिची जीभ अशी मोकाट सुटलेली.

तिचं माहेर न्हावऱ्याचं. बापाच्या म्हशी होत्या, दूध डेअरीला जायचं. लग्न होऊन ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत आली. नवरा सुभान शंटिंगला होता. मनमाडकडून येणारी गाडी दौंडात शिरली की पुण्याकडे निघायला तिला तोंड फिरवावं लागायचं; म्हणजे एका टोकाचं इंजिन काढायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. सुभाननं जन्मभर हेच केलं. हावड्याची गाडी तर त्याची लाडकी होती. ती उशिरा आली की खुर्शिदच्या घरी जेवण उशिरा, इतका त्या गाडीचा आणि तिच्या चुलीचा संबंध.

इंजिन फिरेपर्यंत गाडी बराच वेळ उभी राहायची. लोक पाण्याला, चहाला उतरायचे आणि त्या गडबडीत एखादं पोर मागं राहायचं. रेल्वे पोलिसांकडं पोर सांभाळायला बाई नसायची, मग सुभान त्याला काखोटीला मारून घरी आणायचा. खुर्शिद त्याला आंघोळ घालायची, जेवू घालायची, रडलं तर दटावायची. दुसऱ्या दिवशी आईबाप पुढच्या स्टेशनावरून धापा टाकत परत यायचे. पोलीस ठाण्यात साहेब काही विचारायच्या आत पोर सुटायचं ते थेट आईच्या अंगावर. साहेब सही घ्यायचे आणि तोंड फिरवून चष्मा पुसायचे. कुणी कधी कागद मागितला नाही. पोर धावलं, हाच कागद. खुर्शिदच्या मनात सरकार म्हणजे तोच चष्मा पुसणारा साहेब होता, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

सुभान गेल्यावर रेल्वेचं घर सोडावं लागलं आणि तिनं कुरकुंभला खानावळ घातली. तिथं तव्यावर हाताखाली म्हणून शिरीन आली. तिचा नवरा राहिल कंपनीत ड्रम धुवायचा. आम्ही इकडच्या बंगालातले, मुर्शिदाबादचे, असं दोघं सांगायचे, आणि त्यांच्याकडं तसली कार्डंही होती. खुर्शिदला कुणी बनवू शकत नाही. ही माणसं पार सीमेपलीकडची आहेत हे तिनं आठवड्याच्या आत ओळखलं, आणि तेव्हापासून तिच्या मनात त्यांच्याविषयी जी अढी बसली ती बसली.

अढीला कारणही होतं. दौंडच्या बाजारात हल्ली दोन टवाळ पोरं मोटरसायकल आडवी घालून तिला विचारायची, चाची, तुम्ही मूळच्या कुठल्या? जिच्या खापरपणजोबाची कबर न्हावऱ्यात आहे तिला हा प्रश्न! ती त्या पोरांना त्यांच्या आज्यापणज्यांसकट झोडपायची, पण घरी आल्यावर राग निघायचा शिरीनवर. तुमच्यामुळं हे ऐकावं लागतं, तुम्ही तुमच्या मुलखात मरायचं सोडून इकडं कशाला आलात, असं ती तोंडावर बोलायची. शिरीन खाली मान घालून भाकऱ्या थापायची. तिचा हात फार चांगला होता, म्हणून खुर्शिदनं तिला काढलं नाही एवढंच. मोहरीचं तेल मात्र तिनं आपल्या स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. त्या वासानं तिचं डोकं उठायचं.

शिरीनची एक मुलगी होती, सना. नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा तिला आजीजवळ ठेवून ही दोघं पोटासाठी निघाली होती, आणि त्यानंतर आईनं लेकीला पाहिलं ते फक्त मोबाइलच्या काचेत. मग आजी वारली. मामानं कळवलं, पोरगी घेऊन जा, नाहीतर मी तिला शहरात कामाला लावतो. आता काय करायचं? ज्यांचे स्वतःचेच कागद खोटे, ते पोरीला खऱ्या कागदावर बोलावणार कसे? या दोन मुलखांच्या मध्ये तारा आहेत, दिवे आहेत, बंदुका आहेत. पण नऊ वर्षांच्या पोरीनं आईकडं जायचं तर तिनं कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे मात्र अजून कुणी ठरवलेलं नाही. तशी खिडकी नसली की मग दलाल असतो. तो तिकडून पोरगी उचलणार आणि दौंडला आणून उतरवणार, असं ठरलं.

त्या महिन्यात शिरीन रोज दुपारी भांड्यांच्या ढिगामागं बसून मोबाइलवर तिच्या भाषेत तेच तेच बोलायची आणि पलीकडून पोरगी पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवायची. खुर्शिदला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कामाच्या वेळी काय चाललंय म्हणून तिनं दोनदा झापलंही.

गाडी यायच्या आदल्या दिवशी राहिल मोबाइल घेऊन तिच्याकडं आला. त्यात हावड्याच्या गाडीपुढं दौंड कॉर्ड लाईन असं येत होतं. हे कुठलं स्टेशन, असं त्यानं बिचकत विचारलं. खुर्शिद उखडली. शंटिंगवाल्याच्या बायकोला हावड्याची गाडी कुठं लागते ते हा मोबाइल शिकवणार? गावाबाहेर नवी लाईन टाकल्याचं तिनंही ऐकलं होतं, पण ती मालगाड्यांसाठी असणार असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

"माझ्या नवऱ्याचे हात त्या गाडीला इंजिन जोडून काळे झाले," ती म्हणाली. "ती जंक्शनातच येती. आन् आली की चांगली घटकाभर थांबती. जावा निवांत."

ती जंक्शनात येत नाही. नवी लाईन झाल्यापासून तिला तोंड फिरवावंच लागत नाही. ती बाहेरच्या बाहेर त्या आडबाजूच्या कॉर्ड लाईनच्या स्टेशनवर क्षणभर टेकते आणि पुण्याला निघून जाते. सुभान जिवंत असता तर त्याला हे कळलं असतं आणि त्यानं दोन दिवस जेवण सोडलं असतं. तो नव्हता, आणि खुर्शिदला विचारायची सवय नव्हती.

राहिल आणि शिरीन जंक्शनातल्या फलाटावर उभे राहिले. दलालाच्या माणसानं फोनवर सांगितलं, दौंड आलं, पोरगी उतरवली. ही दोघं इकडून तिकडं पळत सुटली. फलाटावर पुण्याची डेमू लोकल उभी होती, सोलापूरची गाडी गेली, हावड्याची काही आली नाही. त्यांना उमगून रिक्षा मिळेपर्यंत फार उशीर झाला. दलालाचा माणूस परत गाडीत चढून पसार झाला होता. कॉर्ड लाईनच्या मोकळ्या फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन एकटी बसलेली पोरगी रेल्वे पोलिसांनी उचलून नेली होती.

खुर्शिदनं हे ऐकलं आणि ती तव्यासमोरून उठली. चूक झाली असं ती बोलली नाही. ते तिच्या जिभेला जमत नाही. पण त्या दिवशी तिनं खानावळ बंद ठेवली, आणि कुरकुंभातल्या लोकांच्या आठवणीत असं ते पहिल्यांदाच झालं. चल, मी आणते तुझी पोरगी, असं शिरीनला सांगून ती दौंडला निघाली.

रेल्वे पोलिसांत ईश्वर हवालदार होता. त्याचा बाप सुभानच्या बरोबरीचा, आणि हा लहानपणी खुर्शिदच्या दारात खेळलेला. तिनं त्याला बाजूला घेतलं. त्यानं सांगितलं की पोरगी तोंड उघडत नाही. नाव तेवढं सांगितलं, बाकी शब्द नाही. पण ठाण्यातल्या बाकावर झोपेत बोलली ते तिथं आलेल्या एका बंगाली कामगारानं ऐकलं आणि बोली पलीकडची आहे असं सांगून टाकलं. आता ती बालगृहात आहे आणि बालकांच्या समितीपुढं तिला उभं करणार आहेत. खुर्शिद म्हणाली, बरं झालं, तिची आई माझ्याकडंच आहे, घेऊन येते. ईश्वरनं चटकन इकडंतिकडं पाहिलं.

"चाची, हे मी ऐकलं न्हाई. तुमच्या वेळचं आता राह्यलं न्हाई. आईबाप पुढं आलं की त्यांच्यावर केस. केस झाली की त्यांची सीमेवर पाठवणी."

"आन् पोर?"

"पोर बालगृहात. ती कुठली ते तिकडचं सरकार सांगस्तवर."

"आन् आईबाप पुढं न्हाईच आलं तर?"

"तरी बालगृहातच."

खुर्शिदनं त्याला विचारलं की हा नियम ज्यानं केला त्याला आई होती का. ईश्वर बिचारा काय उत्तर देणार? वरून आदेश येतो, तो खाली उतरतो, आणि उतरता उतरता त्यातलं माणूस गळून जातं. पोरांच्या भल्यासाठीच हे केलंय, असंही वर लिहिलेलं असतं म्हणे. भलं कसं? तर आई तालुक्यात आणि पोर जिल्ह्याला. किंवा पोर जिल्ह्याला आणि आई तारेपलीकडं. यातलं कुठलं भलं हवं ते निवडायचं स्वातंत्र्य आईला आहे.

खुर्शिदनं मात्र यातलं काही मनावर घेतलं नाही. ईश्वर कालचं पोर, त्याला काय कळतंय. साहेब शेवटी साहेब असतो. त्याच्यासमोर पोर धावत येऊन आईला बिलगली की कुठला आदेश नि कुठली केस. तिनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, जन्मभर. तिनं शिरीनला हे तिखटमीठ लावून पटवलं. राहिल नको म्हणत होता. शिरीन ऐकत राहिली आणि मग येते म्हणाली. ती खुर्शिदच्या बोलण्याला भुलली नव्हती. तिला लेक बघायची होती.

समितीच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि टेबलामागं दोन बायका आणि एक पुरुष. दारात एक पोलीस आणि एक पोलीसबाई. दुभाषी म्हणून एक बंगाली शिकवणीवाली बाई आणली होती. खुर्शिदनं आपली ओळख सांगितली, सुभानचं नाव सांगितलं, हरवलेल्या पोरांचं सांगितलं. मधल्या खुर्चीवरच्या मॅडमनी मान हलवत ऐकून घेतलं आणि पोरीला आणायला सांगितलं.

सना आली. केस बालगृहात बारीक कापलेले, अंगात कुणाचा तरी मोठा फ्रॉक, पायांत चपला. तिनं खोलीभर नजर फिरवली. खुर्शिदवर टाकली, पुढं नेली. शिरीनवर आली. तिथं ती थांबली की नाही हे कुणी सांगू शकलं नसतं. पण खुर्शिदनं पाहिलं की तिच्या पायाची बोटं चपलेत आखडली. खुर्शिद मनातल्या मनात म्हणत होती, पळ, अगं पळ. पोरगी पळाली नाही. तिनं मान वळवली आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली.

मॅडमनी दुभाषी बाईकरवी विचारलं, यातल्या कुणाला ओळखतेस का? सनानं मान हलवली. नाही. या बाई, या तरुण बाई, यांना कधी पाहिलंयस? नाही. तुझी आई कुठं आहे? पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तिच्या भाषेत दोन शब्द बोलली. दुभाषी बाई म्हणाली, मेली म्हणते.

मग मॅडमनी शिरीनला विचारलं, तुम्ही कोण? शिरीनचा आवाज सुद्धा कापला नाही. मैं खाला के साथ आई, असं ती खुर्शिदकडं हात करून म्हणाली. दारातली पोलीसबाई एक पाऊल आत आली. मॅडम खुर्शिदकडं वळल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, आजी, तुम्ही जुन्या, जाणत्या. तुम्ही खरं सांगाल. ही बाई या मुलीची कोणी लागते का?

खुर्शिद आयुष्यात सरकारशी खोटं बोलली नव्हती. त्यावर तिचा सगळा तोरा उभा होता. आम्हाला काय भीती, आम्ही हितलेच, आमचं सगळं सरळ, हे ती बाजारातल्या पोरांना ऐकवायची, शिरीनलाही ऐकवायची. ती टेबलाकडं बघत राहिली. कुणी चष्मा पुसत नव्हतं. मॅडमनी पेन हातात घेतलं होतं, पोलीसबाईचं लक्ष शिरीनच्या हाताकडं होतं, आणि ती पोरगी घड्याळाकडं बघत होती.

"न्हाई," खुर्शिद म्हणाली. "कुणी न्हाई."

मग तुम्ही आलात कशाला, असं पुरुष सदस्यानं विचारलं. खुर्शिद म्हणाली, नवऱ्याच्या वेळची सवय. पोर एकलं हाय असं ऐकलं, खायला काही आणता येईल का ते विचारायला आले. यावर मॅडमना भरून आलं. समाजात अशी माणसं हवीत, असं त्या म्हणाल्या. त्यांनी बालगृहात महिन्यातून एकदा डबा घेऊन यायची परवानगीही दिली. आईला जे मिळालं नसतं ते खुर्शिदला मिळालं, कारण ती त्या पोरीची कुणीच लागत नव्हती. याला म्हणायचं धोरण!

परतीच्या एसटीत खुर्शिदचा बांध फुटला, पण तो रागाच्या वाटेनं. पोरीनं ओळखलं कसं नाही, रोज तर मोबाइलवर बघत होतीस, दगड आहे का ती, असं ती शिरीनवर तुटून पडली. शिरीन खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती. मग तिनं तुटक हिंदीत सांगितलं की भांड्यांमागं बसून ती महिनाभर लेकीला हेच शिकवत होती. कुणी पकडलं तर आई मेली म्हणायचं. मी समोर उभी असले, रडत असले, तरी ओळखायचं नाही.

"होशियार निकली," शिरीन म्हणाली. आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिनं पदर तोंडात कोंबला.

कुरकुंभला उतरल्यावर खुर्शिद किराणा दुकानात शिरली आणि मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन आली. ती ओट्यावर आदळून म्हणाली, तुमच्यात पोरांना काय आवडतं ते कर.

तेव्हापासून दर महिन्याला डबा जातो. मऊ भात आणि बटाट्याचं भरीत. त्यात कच्चं मोहरीचं तेल आणि तळून चुरलेल्या लाल मिरच्या. शिरीन करते, खुर्शिद नेते. बालगृहातल्या ताई शेजारी खुर्ची टाकून बसतात, कारण नियम आहे. सना पहिल्या वेळी डब्याचं झाकण उघडून नुसती वास घेत बसली. मग सगळं संपवलं, बोटं चाटली आणि आत गेली. आता ती तिथल्या पोरींत राहून मराठी बोलते. तिच्या मुलखातून उत्तर आलेलं नाही. ते कधी येईल असं विचारलं की ताई म्हणतात, वर विचारलंय. तिकडं शिरीन-राहिलच्या चाळीत दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा खुर्शिदनं पोलिसांसमोर, ही माझी माणसं, असं कपाळावर आठी न आणता सांगितलं. एकदा खोटं बोलायला बसल्यावर ती कशात कमी पडणारी बाई नाही. बाजारातल्या पोरांना ती अजून शिव्या देते, फक्त घरी येऊन राग काढत नाही.

गेल्या खेपेला सनानं डबा संपवला, झाकण लावलं आणि ताईंकडं एकदा बघून घेतलं. मग खुर्शिदला म्हणाली,

"ज्या बाई हे करतात ना, त्यांना सांगा, मिरची कमी टाका. माझी आजी कमी टाकायची."

ताई हसल्या. बघा, आता हट्टही करायला लागली, असं म्हणाल्या. खुर्शिदनं डबा पिशवीत टाकला आणि ती वळून न बघता बाहेर पडली.

खानावळीत दुसऱ्या शिफ्टची माणसं जेवत होती. शिरीन तव्यावर होती. तिनं विचारलं काहीच नाही, फक्त डबा हातात घेऊन हलवून बघितला, रिकामा आहे ना ते. खुर्शिदनं पाय धुतले, पाटावर बसली आणि म्हणाली, पोरीनं निरोप दिलाय.

"अम्मी को बोलो, मिर्ची कम डालो, ऐसा बोली."

शिरीनचा हात भाकरीवर थांबला. तिनं खुर्शिदकडं पाहिलं आणि मान हलवली.

"अम्मी नहीं बोली होगी, खाला."

शिरीननं भाकरी उलटली. मग तिनं फळीवरची तळलेल्या मिरच्यांची वाटी खाली घेतली, त्यातल्या निम्म्या मिरच्या काढून बाजूला ठेवल्या आणि पुढची भाकरी थापायला घेतली.